बेन-हर : सूड आणि क्षमा



६ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धातील शायलोची लढाई जुंपली. सेनापती ग्रँट यांनी जनरल ल्यू वॉलेस यांस मदतीस बोलाविले. परंतु निराळ्या वाटेने गेल्यामुळे त्यांचे सैन्य दिवस मावळल्यावर पोहोचले. दोन दिवसांत उभय पक्षांचे मिळून २३,००० हून अधिक लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. विलंबाचा ठपका वॉलेस यांच्या माथी बसला आणि तो पुसून काढण्यासाठी ते जन्मभर धडपडले.

याच गृहस्थांनी पुढे न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर असताना सांता फे येथे ‘बेन-हर’ ही कादंबरी पुरी केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. बालमित्र मेसाला याच्या विश्वासघातामुळे ज्युडा बेन-हर हा यहुदी तरुण रोमन गलबतावर वल्ही मारणारा गुलाम होतो. वाटेत नाझरेथ येथे सुताराचा मुलगा त्यास पाणी पाजतो. पुढे अँटिओक येथील रथशर्यतीत ज्युडा मेसालाचा सूड घेतो. १९५९ च्या चित्रपटात दुष्टावा मेसालाच्या रथाला चिकटविला आहे. कादंबरीत मात्र ज्युडाच आपल्या रथाच्या आसाने मेसालाच्या रथाचे चाक हेतुपुरस्सर मोडतो. मेसाला जन्माचा पंगू होतो. नायक निष्कलंक नाही, आणि हेच कादंबरीचे मर्म आहे.

सूड पुरा होऊनही ज्युडाला शांती लाभत नाही. रोमशी लढण्यासाठी तो गालीलात सैन्य उभारतो. येशूला पकडून नेत असता तो सुटकेसाठी मदत देऊ करतो. उत्तर मिळत नाही. अखेर वधस्तंभापाशी तलवारीऐवजी आंबेने भिजविलेला स्पंज घेऊन तो धावतो. तहानेल्या बंदिवानाला मिळालेल्या त्या ओंजळभर पाण्याची ती परतफेड होय.

जन्मभर वर्गातील भांडणे मिटविताना मला एक गोष्ट कळली : ‘क्षमा कर’ असे सांगितल्याने क्षमा होत नाही, ज्याला कोणीतरी एकदा पाणी पाजले आहे, त्यालाच ती साधते.

स्वतः वॉलेस यांना काय लाभले? १८८५ मध्ये ग्रँट यांनी आपल्या आठवणींत तळटीप घालून त्या जुन्या आरोपाची धार बोथट केली. सेनापतीने २३ वर्षांनी दिलेले ते ओंजळभर पाणीच नव्हे काय?