नंदादीप, ठेव आणि गिरणीचा शेअर

देवापुढील नंदादीप अखंड तेवावा म्हणून पूर्वीचे दाते जमीन इनाम देत. शेताच्या उत्पन्नातून तेल येई. तेल महागले तर बहुधा शेतमालासही भाव येई, आणि वातीस झळ पोचत नसे. पुढे रोख ठेवीची चाल पडली. वहीतील आकडा कायम राहिला. त्या आकड्यात मिळणारे तेल मात्र घटत गेले.

ते किती वेगाने घटू शकते, हे १९७३-७४ व १९७४-७५ या दोन वर्षांनी दाखविले. घाऊक किमती पहिल्या वर्षी सुमारे २० आणि दुसऱ्या वर्षी सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. व्याज वगळल्यास शंभर रुपयांच्या ठेवीत दोन वर्षांनी जेमतेम ६७ रुपयांचा माल मिळे.

मग ठेवीऐवजी शेअर घेणारा सुरक्षित राहिला काय? या प्रश्नाचे अर्धे उत्तर बऱ्हाणपुरात आहे. तापीकाठचे हे नगर उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली पेशव्यांकडे आले. पण त्याची कीर्ती त्याहून जुनी. येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्थान व पोलंडपर्यंत जात, अशी नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने केली आहे. अशा गावी निघालेल्या बऱ्हाणपूर ताप्ती मिलचा शेअर म्हणजे घरचेच धन, असे कोणासही वाटावे.

परंतु महागाई गिरणीसही सोडत नाही. जुन्या यंत्रांचा घसारा जुन्या किमतीवर धरला जातो. नवी यंत्रे घ्यावयाची ती नव्या किमतीने. त्यामुळे कागदावरील नफा खऱ्याहून मोठा दिसतो. त्यातच १९६४ पासून गिरण्यांवर ठरावीक दराच्या नियंत्रित कापडाचे बंधन होते, आणि यंत्रमागांची स्पर्धा वाढत होती. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी गिरण्या सरकारने घेतल्या. त्यांत ताप्ती मिल होती. कायद्याने ठरलेल्या रकमेतून आधी देणेकऱ्यांचे दावे भागावयाचे. भागधारकाची पाळी सर्वांत शेवटी. त्याच वर्षी जुलैत वटहुकुमाने लाभांशावरही मर्यादा आली आणि शेअरबाजार कोसळला.

उरलेले अर्धे उत्तर मुंबईत सापडते. तेथील शेअरबाजाराचा निर्देशांक १९७८-७९ साली १०० धरला, तो जुलै १९९० मध्ये १,००० वर गेला. २००६ साली त्याने १०,००० ओलांडले. महागाई वजा जाताही ही वाढ मोठी आहे, आणि लाभांश त्यात धरलेला नाही. मात्र निर्देशांक म्हणजे एखादी गिरणी नव्हे. दुबळ्या कंपन्या त्यातून गळतात, सबळ आत येतात. भागधारकाने मात्र ममतेपोटी एकच गिरणी धरून ठेवली, तर त्याच्यासाठी हे काम करणारा कोणी नसतो.

सार्वजनिक विश्वस्तनिधीसंबंधी कायद्याचा कल सुरक्षित रोख्यांकडे आहे, आणि तो अकारण नाही. विश्वस्ताने त्याच मर्यादेत राहावे. गृहस्थाने आपल्या पैशाचे दोन वाटे करावेत. आजच्या तेलाचा पैसा ठेवीतच असावा. वीस वर्षांनंतरच्या तेलाचा पैसा अनेक उद्योगांत विभागून गुंतवावा. आणि ज्यांच्या हाती देवस्थानाची वही आहे, त्यांनी नुसता आकडा शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. जुन्या दात्याने रक्कम दिली होती ती दिव्यासाठी. त्या रकमेत आज किती दिवसांचे तेल येते, हा हिशेब दरवर्षी मांडला पाहिजे.