बटवडा न झालेले टपाल
बटवडा न झालेले टपाल : पाठविणाऱ्याने रीतसर रवाना केलेले, परंतु पत्त्यावरील व्यक्तीच्या हाती न पडलेले पत्र किंवा संदेश. यात दोन प्रकार संभवतात. पहिल्यात टपाल पोचत नाही, पण ते कारणासह प्रेषकाकडे परत येते; दुसऱ्यात ते वाटेतच नाहीसे होते व प्रेषकाला त्याची वार्ताही लागत नाही. पहिला प्रकार गैरसोयीचा, तर दुसरा हानिकारक होय. म्हणून पत्र पोचविण्याच्या व्यवस्थेबरोबरच न पोचलेले पत्र परत करण्याची व्यवस्था प्रत्येक टपालपद्धतीला उभारावी लागली. कागदी पत्राच्या काळात सिद्ध झालेली ही तत्त्वे संगणकीय टपालाने, म्हणजे ई-मेलने, बव्हंशी जशीच्या तशी स्वीकारली आहेत.

पत्ता व स्थलनाम : बटवड्यातील पहिली अडचण नावाची असते. बीड जिल्ह्यातील धारूर हे याचे बोलके उदाहरण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील या गावी सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने किल्ला उभारला. १६३१ मध्ये मोगल सैन्याने तो जिंकल्यानंतर गावास ‘फतेहाबाद’ हे नाव मिळाले. तथापि लोकांच्या तोंडी धारूर हेच नाव टिकले. जवळच्या अंबाजोगाईचीही निजामी अंमलात ‘मोमिनाबाद’ या नावाने नोंद होत असे. एका गावाला दोन नावे असणे ही जशी अडचण, तशीच एका नावाची अनेक गावे असणे ही दुसरी. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानच्या मुलखातच धारूर नावाची आणखी गावे असून त्यांपैकी एक विकाराबादजवळ, तर दुसरे गदवाल भागात, म्हणजे दोन्ही आता तेलंगण राज्यात आहेत. बीड जिल्ह्यातील गावास ‘किल्लेधारूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘किल्ले’ या एका शब्दाने कोणते धारूर, हा प्रश्न सुटतो; पत्त्याच्या दृष्टीने ते केवळ भूषण नव्हे.

संस्थानी टपाल : हैदराबाद संस्थानचे स्वतंत्र टपाल खाते होते व त्याची पहिली तिकिटे १८६९ मध्ये निघाली. त्यानंतरच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, मराठी व तेलुगू अशा चार भाषांतील मजकूर आढळतो. पत्र लिहिणारा, पत्ता वाचणारा आणि पत्र घेणारा यांच्या लिप्या वेगवेगळ्या असू शकतील, ही त्या राज्याची वस्तुस्थिती त्यात उमटली आहे. नागरीत वा मोडीत लिहिलेला पत्ता उर्दूत कामकाज करणाऱ्या कचेरीत वाचला जाणे हा बटवड्यातील एक नाजूक टप्पा असे.

संस्थानची तिकिटे संस्थानच्या हद्दीतच चालत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ पासून अंतर कितीही असले, तरी ठराविक वजनाच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर लागू झाला होता. त्या तिकिटांचे राज्य मात्र निराळे होते. हद्दीबाहेर पत्र पाठवावयाचे, तर त्या बाजूचे हशील वेगळे भरावे लागे. हशील अपुरे असल्यास पत्र ‘नॉटपेड’ ठरून त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडे आणि त्याने तो नाकारला, की पत्र माघारी फिरे. पत्ता बिनचूक असूनही केवळ दोन व्यवस्थांच्या सीमेवर पत्र अडकण्याचा हा प्रकार होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १ एप्रिल १९५० रोजी त्याचे टपाल खाते भारतीय टपाल खात्यात समाविष्ट करण्यात आले. तेव्हा ही सीमा पुसली गेली.

परत पत्र कार्यालय : न पोचलेल्या पत्रांसाठी भारतीय टपाल खात्यात स्वतंत्र कचेऱ्या होत्या. त्यांना आधी ‘मृत पत्र कार्यालय’ व पुढे ‘परत पत्र कार्यालय’ असे नाव होते. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे. कारण पत्र पुरणे हे या कचेरीचे काम नसून ते मूळ जागी नेणे हे आहे. पोस्टमन पाकिटावर ‘पत्ता अपुरा’, ‘या नावाची व्यक्ती नाही’, ‘गाव सोडून गेला’, ‘घेण्यास नकार’, ‘मयत’ असा शेरा मारतो. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता असल्यास ते सरळ परत जाते. तसा पत्ता नसल्यास काय करावे, याची तरतूद १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात होती. गुप्ततेने बांधलेल्या अधिकाऱ्याने, केवळ प्रेषकाचे नाव व पत्ता शोधण्यासाठी, पत्र उघडावयाचे. त्यातूनही काही निष्पन्न न झाल्यास पत्रे व कार्डे नष्ट करण्यात येत आणि आत सापडलेले पैसे किंवा विक्रीयोग्य वस्तू एक वर्ष राखून ठेवण्यात येत. या अधिनियमाची जागा २०२३ च्या टपाल अधिनियमाने घेतली असून तो १८ जून २०२४ पासून अंमलात आला.

गावांच्या समान नावांवर व लिपींच्या अडचणीवर भारतात सर्वांत परिणामकारक उपाय ठरला तो पिन क्रमांकाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने तो आखला. दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले वेलणकर संस्कृत कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी हा क्रमांक सुरू झाला. सहा अंकांपैकी पहिला विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा व शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपाल कचेरी दर्शवितात. किल्लेधारूरच्या ४३११२४ या क्रमांकामुळे कोणतीही लिपी न जाणणाऱ्या वर्गवारीदारालाही पत्राची दिशा कळते. मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारा पत्ता, हे त्यामागील सूत्र आहे.

ई-मेलमधील परतीची रीत : रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये अर्पानेट या जालावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठविला व व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव यांमध्ये @ हे चिन्ह योजले. हे चिन्ह म्हणजे पत्त्यातील ‘मुक्काम पोस्ट’च होय. ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा ई-मेलच्या वहनाचा नियमसंच प्रसिद्ध केला. तोच सुधारित स्वरूपात आजही चालतो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या क्षेत्रनाम पद्धतीने (डीएनएस) समान नावांचा प्रश्न सोडविला. उजवीकडून डावीकडे वाचल्यास तीतही पत्ता देश, संस्था, विभाग असा मोठ्याकडून लहानाकडे उतरतो. पिन क्रमांकाशी असलेले तिचे हे साम्य लक्षणीय आहे.

एसएमटीपीनुसार संदेशाला पत्राप्रमाणेच लखोटा असतो. वाचकाला दिसणारे प्रेषकाचे नाव हे आतल्या कागदावरील नाव होय; परतीचा पत्ता मात्र लखोट्यावर निराळा नोंदलेला असतो व संदेश परत आल्यास तिकडेच जातो. पाठविणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरशी संधान बांधून आधी प्रेषक व मग पत्तेदार सांगतो; प्रत्येक पायरीवर त्याला तीन अंकी उत्तर मिळते. २ ने सुरू होणारे उत्तर स्वीकृतीचे, ४ ने सुरू होणारे तात्पुरत्या अडचणीचे व ५ ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे असते. ४५० म्हणजे पेटी या क्षणी उपलब्ध नाही. ५५० म्हणजे ती पेटीच नाही किंवा तिच्यात संदेश टाकण्यास मनाई आहे. तात्पुरत्या अडचणीत सर्व्हरने पुन:पुन्हा प्रयत्न करावेत, दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास जावा आणि साधारण चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये, असा संकेत आहे. दार बंद दिसले म्हणून पत्र लगेच माघारी न पाठविता पोस्टमनने पुन्हा फेरी मारावी, तसाच हा प्रकार आहे.

या पद्धतीचा गाभा एका जबाबदारीत आहे. सर्व्हरने ‘स्वीकारले’ असे उत्तर दिले, की संदेश पुढे पोचविणे किंवा न पोचल्याचे प्रेषकाला कळविणे हे त्याचे कर्तव्य ठरते. परतीच्या सूचनेच्या लखोट्यावर मात्र प्रेषकाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवतात. तसे न केल्यास परतीची सूचनाही परत येईल व दोन सर्व्हर एकमेकांकडे तीच सूचना अखंड फेकत राहतील. १९९६ मध्ये या सूचनांचे स्वरूप ठरवून देण्यात आले व कारणांचे अधिक तपशीलवार संकेतांकही निश्चित झाले; उदा., ५·१·१ म्हणजे पत्त्यातील पेटी अस्तित्वात नाही, ५·२·२ म्हणजे पेटी भरली आहे.

परतीची कारणे : पोस्टमनचे जुने शेरे येथे नव्या रूपात भेटतात. पत्त्यात एखादे अक्षर चुकणे अथवा क्षेत्रनाम सापडू न शकणे, म्हणजे अपुरा पत्ता. नोकरी वा संस्था सोडल्यामुळे पेटी बंद होणे, म्हणजे गाव सोडून जाणे. पेटी भरणे किंवा संदेशाला जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी असणे यांचे साम्य टपालातील वजनमर्यादेशी आहे. घेणाऱ्या सर्व्हरने विश्वास न ठेवणे, म्हणजे नकार.

शेवटच्या कारणाचा इतिहास वेगळा आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सु. ४०० जणांना संगणकविक्रीची जाहिरात पाठविली. नको असलेल्या घाऊक टपालाचे हे पहिले उदाहरण मानतात. पुढे हा ओघ प्रचंड वाढला. लखोट्यावरील परतीचा पत्ता कोणीही खोटा घालू शकत असल्याने, ज्यांनी काहीही पाठविले नाही अशा निरपराध लोकांवर परतीच्या सूचनांचा मारा होऊ लागला. प्रेषकाची ओळख पटविण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पद्धती २००६ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक प्रेषकांना त्या बंधनकारक केल्या. मोठ्या सेवांनी संशयास्पद टपाल वेगळ्या कप्प्यात टाकण्याचा वा कधी निमूटपणे टाकून देण्याचा मार्गही धरला. अशा वेळी प्रेषकाला परतीची सूचना मिळत नाही. कळविण्याचे मूळ कर्तव्य येथे ढिले पडले व मृत पत्राची जुनी अवस्था पुन्हा अवतरली.

भारतीय परिस्थिती : भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांचे अर्नेट हे जाल १९८६ मध्ये सुरू झाले, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व पवईची भारतीय तंत्रविद्या संस्था यांचा त्यात आरंभापासून सहभाग होता. सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. लिपीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ तसाच राहिला, कारण ई-मेलचा पत्ता रोमन अक्षरांतच लिहावा लागे. २०१२ मध्ये अन्य लिप्यांतील पत्त्यांचे नियम प्रसिद्ध झाले व ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम खुले झाले. तथापि वाटेतील एखाद्या सर्व्हरला हे नियम ठाऊक नसल्यास देवनागरी पत्त्यावरील संदेश माघारी येतो. निजामी कचेरीत नागरी पत्त्याची जी गत होण्याचा संभव होता, तीच येथे वेगळ्या वेषात दिसते.

सामाजिक परिणाम : धारूर तालुका ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचा तालुका म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. या काळात घराला कुलूप असते व टपालावर ‘दार बंद’ हा शेरा पडतो. ई-मेलचा पत्ता माणसाबरोबर फिरतो, म्हणून अशा समाजाला तो खरा उपकारक ठरावयास हवा. प्रत्यक्षात प्रवेशाचा, नोकरीचा वा अनुदानाचा अर्ज अनेकदा दुसऱ्याच्या हातून भरला जातो. पेटी भरणाऱ्याच्याच नावाची असते किंवा तिचा परवलीचा शब्द पुढे कोणालाच आठवत नाही. अशा पेटीत पडलेला मुलाखतीचा निरोप तांत्रिक दृष्ट्या पोचलेला असतो. सर्व्हर ‘स्वीकारले’ असे उत्तर देतो व परतीची सूचना निघत नाही. बंद दाराचे पत्र निदान शेरा घेऊन परत जाई. या निरोपाच्या बाबतीत पाठविणारा निश्चिंत असतो, अर्जदार वाट पाहत असतो आणि दोघांनाही चूक कळत नाही.

अर्जातील पत्ता अर्जदाराचा स्वतःचा असणे, पत्ता नोंदताच एक चाचणी संदेश पाठवून त्याचे उत्तर घेणे आणि महत्त्वाच्या निरोपाची पोच दुसऱ्या मार्गानेही मागणे, हे यावरील साधे उपाय होत. नोंदणीकृत टपालातील पोचपावतीमागेही हाच विचार होता. टपाल हरकाऱ्याचे असो वा संगणकाचे, ते पोचले की नाही हे पाठविणाऱ्याला कळेपर्यंत बटवडा पुरा झाला, असे म्हणता येत नाही.