जमिनीत गाडलेले लाकूड

राजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या घराला सागाचे बारा खांब आहेत. चार वर्षांपूर्वी ओटीवरचा एक खांब बुडाशी पोकळ वाजू लागला, म्हणून सुताराला बोलावले. त्याने पटाशीने बूड उकरले, हातात आलेला भुगा दाखवला आणि म्हणाला, "वाळवीला बोल लावू नका, भाऊ. कोब्यानं तळखडा गिळलाय."

त्याचे म्हणणे खरे होते. मूळ घर बांधणाऱ्यांनी खांब जमिनीत पुरलाच नव्हता. चिऱ्याच्या जोत्यावर काळ्या दगडाचा तळखडा आणि त्यावर खांब, अशी ती रचना होती. पुढे मामांनी शेणाने सारवायची जमीन काढून सिमेंटचा कोबा केला. तो दगडाच्या माथ्यापर्यंत चढला आणि पावसाळ्यात खालून येणारी ओल थेट लाकडाला भेटली.

लाकूड आणि ओली माती यांचे वैर आपण इतके गृहीत धरतो की, अमेरिकेत आणि कॅनडात हजारो घरे जमिनीखालच्या लाकडी पायावर उभी आहेत, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. खोलात गेल्यावर कळले की चूक नव्हती. आणि त्या पायाचे एक मूळ आपल्या देहरादूनमध्ये निघाले.

लाकूड कुजते म्हणजे बुरशी ते खाते. तिला ओल लागते आणि हवाही लागते. व्हेनिसच्या इमारतींखालचे लाकडी खुंट शतकानुशतके टिकले, कारण पाण्याखालच्या गाळात हवा जवळजवळ पोहोचतच नाही. कुंपणाचा खांब मात्र नेमका जमिनीच्या पातळीशी मोडतो, कारण तिथे हवा आणि ओल दोन्ही भरपूर मिळतात. लाकूड टिकवायचे तर त्याची ओल तोडायची, किंवा ते खाणाराला त्यात विष ठेवायचे.

विषाचा मार्ग जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने १८३८मध्ये लोखंडी टाकीत लाकूड ठेवून, आधी त्यातली हवा उपसून, मग दाबाखाली आत क्रिओसोट भरण्याची पद्धत काढली. रेल्वेचे स्लीपर त्यामुळे टिकले. पण हे डांबरापासूनचे तेल काळे, चिकट आणि उग्र वासाचे. राहत्या घरात ते कोण घेणार? तांब्याचे किंवा आर्सेनिकचे क्षार पाण्यात विरघळवून भरावेत, तर पावसाच्या पाण्यात ते तसेच विरघळून निघून जातात. जे पाण्याबरोबर आत जाते ते पाण्याबरोबर बाहेर येऊ नये, हा पेच होता.

तो सोडवला देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतले भारतीय शास्त्रज्ञ सोन्ती कामेशम यांनी, १९३३च्या सुमारास. त्यांनी तांबे आणि आर्सेनिक यांच्या जोडीला क्रोमियमचा क्षार घेतला. लाकडात शिरल्यावर क्रोमियमचे रूप पालटते आणि ते तांब्याला व आर्सेनिकला लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते. तांबे बुरशीला आवरते, आर्सेनिक वाळवीला. या मिश्रणाचे नाव 'अस्कू', आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून पडलेले. १९३८मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळाले आणि तिथे टेलिफोनचे खांब त्यात मुरवले जाऊ लागले.

त्याच १९३८च्या आसपास अमेरिकेच्या वनखात्याच्या मॅडिसन येथील प्रयोगशाळेने मिसिसिपी राज्यातल्या दमट, वाळवीच्या जमिनीत लाकडी खुंट्या पुरायला सुरुवात केली. वेगवेगळी औषधे मुरवलेल्या हातभर लांबीच्या या खुंट्या अर्ध्या मातीत, अर्ध्या बाहेर. माणसे निवृत्त होत गेली, खुंट्यांची तपासणी चालू राहिली. साध्या लाकडाच्या खुंट्या काही वर्षांतच संपत. पुरेसे क्रोमियम-तांबे-आर्सेनिक मुरवलेल्या दशकानुदशके शाबूत राहिल्या.

हा पुरावा हाती होता, म्हणूनच पुढचे धाडस झाले. उत्तरेकडच्या हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो. आणि ओतलेले काँक्रीट घट्ट होण्याआधी गोठले तर वाया जाते. त्यामुळे बांधकाम थंडीत अडून राही. १९६०च्या दशकात लाकूड उद्योग, सरकारी वनखाते आणि गृहबांधणी क्षेत्रातल्या संशोधकांनी मिळून लाकडी पाया सिद्ध केला, आणि १९७०च्या दशकात तो 'ऑल-वेदर वुड फाउंडेशन' या नावाने बाजारात आला. भिंतीच्या चौकटी कारखान्यात ठोकायच्या, ट्रकने आणायच्या आणि खड्ड्यात उभ्या करायच्या.

जमिनीत पुरायच्या साध्या लाकडाला दर घनफुटाला ०.४० पौंड औषध पुरेसे धरत, पायासाठी ०.६० पौंड ठरवले. खिळे न गंजणाऱ्या पोलादाचे. पण मला सर्वांत शिकवून गेले ते या भिंतीच्या खालचे आणि बाहेरचे काम. तळाशी काँक्रीट नाही, तर खडीचा थर आणि त्यावर लाकडी पाटी. भिंतीच्या बाहेरून प्लॅस्टिकचा कागद, त्यालगत पुन्हा खडी, आणि साचलेले पाणी बाहेर नेणारी वाट. ज्यांनी लाकडात इतके जालीम विष भरले, त्यांनीही विषावर विसंबून पाण्याला मोकळे सोडले नाही. जिथे कंत्राटदाराने खडीऐवजी चिकणमाती लोटली, किंवा वरची तक्तपोशी बसण्याआधीच माती भरली, तिथे भिंती फुगल्या आणि तळघरे ओलावली. दोष लाकडाच्या नावावर गेला. काँक्रीटची जागा हा पाया कधीच घेऊ शकला नाही.

विषाचा हिशेबही चुकला नाही. असेच लाकूड अंगणातल्या ओट्यांना आणि मुलांच्या खेळण्याच्या चौकटींना वापरले गेले होते; तिथे आर्सेनिक लहान हातांना लागण्याची भीती खरी होती. २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे थांबले. मोजक्या अपवादांत घराचा लाकडी पाया राहिला, कारण मातीआड कोणाचा हात सहसा पोहोचत नाही. कामेशम यांचे मिश्रण अशा रीतीने नजरेआड गेले. त्यांचे नाव तर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी गेले होते. टाकाऊ लाकडाची राख विषारी असते, तो प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी मागे उरला आहे.

आमच्या खांबाचे कुजलेले बूड कापून सुताराने सागाचा तुकडा जोडला आणि भोवतीचा कोबा वीतभर फोडून तळखडा मोकळा केला. तो काम करत असताना मी त्याला ही सगळी हकिगत सांगितली. त्याने रंधा थांबवून विचारले, "पण त्या खडीतलं पाणी निघून गेलं नाही तर?"

हाच प्रश्न तिकडच्या अभियंत्यांना सर्वांत जास्त छळत आला आहे, असे मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि उरलेल्या अकरा खांबांच्या बुडांवर एकेक करून हातोडी वाजवत तो पडवीकडे गेला.