डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, नांदेड

डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय ही महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड येथील शासकीय संस्था आहे. तिची स्थापना १९८८ साली झाली. ती नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचे दोन वेळा मुख्यमंत्री राहिलेले नांदेडचे नेते शंकरराव चव्हाण यांचे नाव संस्थेस देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ १९५६ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे झाला. तेथील रुग्णालय ‘घाटी’ या नावाने सर्वत्र परिचित आहे. त्यानंतर अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले व पुढे नांदेडचे झाले. लातूरला शासकीय महाविद्यालयासाठी २००२ पर्यंत वाट पाहावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर जिल्ह्यात असे एकही शासकीय अध्यापन रुग्णालय नव्हते आणि अनेक जखमींना सोलापूरपर्यंत न्यावे लागले. लातूरच्या संस्थेस पुढे विलासराव देशमुख यांचे नाव देण्यात आले.

स्थलांतर

सुरुवातीच्या काळात महाविद्यालयाचे रुग्णालय नांदेड शहरातील वझिराबाद भागात, श्री गुरुगोविंदसिंगजी स्मारक रुग्णालयात होते. पुढे ते गोदावरीकाठच्या विष्णुपुरी येथील प्रशस्त आवारात हलविण्यात आले. जागेची अडचण यामुळे दूर झाली; मात्र शहरातील गोरगरिबांना पायी गाठता येणारे रुग्णालय काही किलोमीटर दूर गेले. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांसाठी हे अंतर नकाशावर दिसते त्याहून मोठे असते, कारण डबा, रक्त, बाहेरून आणावयाची औषधे व कागदपत्रे यांसाठी त्यांना शहरात वारंवार ये-जा करावी लागते.

रुग्णसेवेचे क्षेत्र

नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणा व कर्नाटक या दोन राज्यांना लागून आहे. त्यामुळे किनवट, माहूर, देगलूर अशा दूरच्या तालुक्यांबरोबरच हिंगोली, परभणी व यवतमाळ जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील गावांतूनही रुग्ण येथे येतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशा पायऱ्यांनी रुग्ण वर पाठविला जातो आणि या भागात शेवटची पायरी बहुधा हीच ठरते. सर्पदंश, विषबाधा, अपघात, गुंतागुंतीची बाळंतपणे व कमी वजनाची नवजात बालके ही येथील नित्याची प्रकरणे होत. खासगी दवाखान्यात पैसे संपल्यावर येणाऱ्या रुग्णांचाही त्यांत समावेश असतो.

राज्याची जीवनदायी आरोग्य योजना (आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले, परंतु वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. केसपेपर काढण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसास हा विभागभेद सहसा ठाऊक नसतो.

अध्यापन

वॉर्डातील दैनंदिन काम मुख्यतः निवासी डॉक्टर, आंतरवासिता करणारे विद्यार्थी व परिचारिका यांच्यावर चालते. नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी राज्यभर प्रसिद्ध आहेत. तरी विभागनिहाय ७०:३० सूत्रामुळे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार दीर्घकाळ होती. हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले.

२०२३ मधील मृत्यू

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या काळात चोवीस तासांत रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांतील मृतांची संख्या ३१ वर गेली. दूरच्या गावांतून अत्यवस्थ स्थितीत, अखेरच्या क्षणी रुग्ण दाखल होतात आणि औषधांचा तुटवडा नव्हता, अशी भूमिका प्रशासनाने मांडली. मंजूर ५०० खाटांच्या तुलनेत दाखल रुग्णांची संख्या फार मोठी होती, रिक्त पदे भरली गेली नव्हती आणि औषधखरेदीची प्रक्रिया रखडली होती, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले. ही दोन्ही कथने परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही: उशिरा आलेल्या अर्भकासाठीही अतिदक्षता कक्षात जागा व परिचारिका लागतेच.

३ ऑक्टोबर रोजी हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. त्याबद्दल त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला व डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध नोंदविला. या प्रसंगाच्या चित्रफितीला मूळ प्रश्नापेक्षा अधिक प्रसिद्धी मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि रुग्णांचा ताण हे कारण पुढे करून राज्यास आपली जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले. रिक्त पदे व औषधखरेदी प्राधिकरणाचे कामकाज यांविषयी न्यायालयाने शासनाकडे विचारणा केली.

शेजारील जिल्ह्यांतील महाविद्यालये

धाराशिव येथे २०२२, परभणी येथे २०२३ आणि हिंगोली व जालना येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांपैकी परभणी व हिंगोली येथील महाविद्यालये नांदेडच्या रुग्णालयावर आजवर अवलंबून राहिलेल्या जिल्ह्यांतील आहेत.