तोड : बार्शीकडील मल्लविद्येची परिभाषा आणि पराभवाचे शिक्षण

(१)

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावलीने सांगितला जातो. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी किताबाचे मानकरी कोण, याची यादी अनेकांना मुखोद्गत असते. परंतु त्या त्या वर्षी अखेरच्या लढतीत पडलेला मल्ल कोण आणि तो कोणत्या डावावर पडला, हे सांगणारा क्वचितच आढळतो. यावरून पराभव हा मल्लविद्येच्या इतिहासात नोंदण्याजोगा विषयच नव्हता, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. पराभवाची नोंद झाली आहे. मात्र ती नामावलीत झालेली नसून भाषेत झालेली आहे. ती कोठे आणि कशी सापडते, आणि कोणत्या परिस्थितीत ती निरुपयोगी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात बार्शी व तिच्या भोवतीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

(२)

या प्रदेशाला मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि व्यायाम यांचे वर्णन येते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बार्शीचा मुलूख त्या राज्याच्या अंगणातलाच होय.

पुढील काळातील थर शब्दांवरून ओळखता येतो. कुस्ती, पैलवान, वस्ताद, पेच हे शब्द फारसी, तर तालीम आणि खलिफा हे अरबी. मल्ल आणि आखाडा यांचे मूळ संस्कृतात. उलट अंगाने करावयाच्या क्रियेची नावे पाहिली तर पकड, उखाड, तोड अशी देशी क्रियापदांवरून साधलेली नामे पुष्कळ आढळतात. संस्थेची आणि पदांची नावे बाहेरून आली, कृतीची नावे बहुतांशी घरचीच राहिली, असे स्थूलमानाने म्हणता येईल. सप्टेंबर १९४८ पर्यंत बार्शी तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाचा मुलूख होता, त्यामुळे दखनीचा शेजार येथे निकटचा होता. तथापि हे शब्द केवळ त्या शेजारामुळे आले असे नव्हे, ते साऱ्या मराठी मुलखात रुळलेले आहेत.

परिभाषेच्या या एकरूपतेला दळणवळणाचेही साहाय्य झाले असावे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला. म्हणजे बालाघाटापासून कृष्णाकाठापर्यंतचा टापू एका मार्गाने जोडला गेला. पुढे लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडला, तेव्हा डावांची नावे त्यांना नव्याने शिकावी लागली नसतील.

(३)

तालीम या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीने मात्र तो ज्या वास्तूत कुस्ती शिकतात तिला दिला. हा अर्थबदल सूचक आहे. जेथे पडणे रोजचे आहे त्या जागेला भाषेने शिक्षणाचेच नाव दिले.

पराभववाचक शब्दप्रयोगांकडे पाहता आणखी एक गोष्ट लक्षात येते. फडातील प्रेक्षक मल्ल ‘हरला’ असे क्वचित म्हणतो. तो ‘पडला’ असे म्हणतो. पाठ लागली, आस्मान दाखवले, लोळवला, चितपट केला हे सारे प्रयोग शरीराची स्थिती सांगतात, मनुष्याची योग्यता सांगत नाहीत. चीत म्हणजे उताणा, पट म्हणजे पालथा. पैकी उताणे पडणे हाच काय तो पराभव. पालथे पडणे हा पराभव नव्हे. (एकेरी पट, दुहेरी पट या डावांतील ‘पट’ निराळा, तो पाय धरून ओढण्याचा.) गावजत्रेच्या जाहिरातीत कुस्त्या ‘निकाली’ होतील असे छापतात, त्याचाही अर्थ हाच: कोणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत निकाल नाही.

या भेदाचे महत्त्व १९१० साली लंडनमध्ये दिसून आले. गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांच्या लढतीत झ्बिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी पालथाच पडून राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. त्याने कुस्ती केली नाही, पण तो पडलाही नाही. १९२८ साली पतियाळा येथे मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले.

(४)

या परिभाषेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘तोड’ हा होय. डावाला उत्तर म्हणून जी क्रिया करावयाची ती त्या डावाची तोड. एकेरी पटासाठी प्रतिस्पर्धी पायाशी आला असता पाय मागे टाकून त्याच्या अंगावर भार द्यावयाचा, ही त्याची एक तोड. असे प्रत्येक प्रसिद्ध डावाविषयी सांगता येते आणि वस्तादाची विद्वत्ता त्याला किती डाव येतात यापेक्षा किती तोडी येतात यावर अधिक अवलंबून असते.

आता तोड निर्माण होते कशी? ज्या डावाने कोणी पडले नाही त्याची तोड शोधण्याचे कारणच उद्भवत नाही. म्हणून प्रत्येक तोडीच्या मागे पूर्वी कोणीतरी पडलेला आहे, असे अनुमान निघते. त्याचे नाव राहिले नाही, त्याच्या पडण्याचे फलित राहिले. बडोद्याहून अनेक खंडांत प्रसिद्ध झालेल्या व्यायामज्ञानकोशासारख्या ग्रंथात डावांची वर्णने आढळतात खरी, परंतु शिकवण्याची रीत तोंडी आणि अंगावरचीच राहिली. थोरला पठ्ठा धाकट्याला एकाच डावावर पुनःपुन्हा पाडतो. मग वस्ताद तोड दाखवतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच धाकटा त्याच डावावर उभा राहतो.

हे शिक्षण स्वतःच्या पडण्यापुरते मर्यादित नसते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण फडाला तंतोतंत लागू पडते. जत्रेत रेवड्यांवरच्या वा नारळावरच्या कुस्तीपासून अखेरच्या इनामी कुस्तीपर्यंत हलगीच्या ठेक्यावर मंडळी मातीभोवती बसलेली असतात, त्यांत पोरे आणि जुने वस्ताद शेजारी शेजारी असतात. मल्ल पडला की तो ‘कशावर’ पडला, हा पहिला प्रश्न असतो. आणि उत्तरात डावाचे नाव येते. नाव उच्चारले गेले की तो पराभव एकट्याचा राहत नाही, साऱ्या फडाच्या उपयोगी पडतो.

(५)

तथापि तोडीचे ज्ञान नियमांशी बांधलेले असते. नियम बदलला की पराभवाची व्याख्या बदलते आणि जुनी तोड प्रसंगी घातक ठरते. याचे ठळक उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवरचे संस्कार घेऊन गादीवर उतरले. गादीवर पाठ टेकण्याची वाट पाहिली जात नाही. प्रतिस्पर्ध्याने मागे जाऊन ताबा घेतला किंवा पाठ गादीकडे कलवली तरी ते त्याच्या पारड्यात पडते. मातीवर जे पालथे पडणे आश्रय होते, तेच येथे तोटा झाले. फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. चार वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे वरच्या, बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याही स्पर्धेत जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हकडून ते पराभूत झालेच होते. दोन स्पर्धांमधील अंतर हे केवळ बळाचे नव्हे. एका नियमव्यवस्थेतील पराभव दुसऱ्या व्यवस्थेच्या भाषेत वाचता येण्याचे ते अंतर होय.

गुणपद्धतीने आणखी एक फरक केला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सोलापूर जिल्ह्यातीलच दोन मल्ल, महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख, माती विभागात समोरासमोर आले व गायकवाड विजयी झाला. त्यानंतर उठलेला वाद बाहेरच्या टांगेला चार गुण द्यावेत की कमी, याविषयी होता. शेखने त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव येथे किताब मिळवला. येथे विचारात घ्यावयाची गोष्ट वादाचा निर्णय नव्हे, वादाची भाषा होय. ‘कशावर पडला’ या प्रश्नाची जागा ‘कितीने हरला’ या प्रश्नाने घेतली. गुण पराभवाचे माप सांगतात, त्याचे कारण सांगत नाहीत. याच्या उलट बाजूही आहे: न पडताही मल्ल कोठे कमी पडला हे गुणांमुळे दिसते, आणि चित्रफितीमुळे तीच लढत शंभर वेळा पाहता येते.

हीच गोष्ट ऑनलाइन खेळांतील द्वंद्वांत अधिक वेगाने घडते. तेथे हरलेली लढत पुन्हा पडद्यावर पाहण्याची सोय अनेक खेळांत असते. खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या चालीवरील ‘काउंटर’ शोधतात, आणि हा शब्द तोडीचाच पर्याय होय. परंतु खेळ तयार करणारी कंपनी नवी आवृत्ती काढते तेव्हा कालची तोड आज लागू पडेनाशी होते. खाशाबा जाधवांना मातीवरून गादीवर जाताना जे एकदा करावे लागले, ते या खेळाडूंना वारंवार करावे लागते. दोन्हीकडे खरा शिकणारा तोच, जो पराभवाला नाव देऊ शकतो.

(६)

सारांश, ‘तोड’ हा शब्द म्हणजे अनाम पराभूतांचा इतिहास होय. विजेत्यांच्या याद्या दप्तरात सुरक्षित आहेत. हा इतिहास मात्र बोलणाऱ्यांच्या जिभेवर आहे आणि बोलणारे वृद्ध होत आहेत. बार्शी, वैराग, पांगरी या टापूतील जुन्या वस्तादांकडून डाव, त्याची तोड आणि ती कशी शिकली याची हकीकत अशा तीन रकान्यांत शब्दसंग्रह करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे. त्यातील तिसरा रकाना सर्वांत मोलाचा ठरेल. तोडीचे नाव कोशात टिकेल. पण ती कोणाच्या पडण्यातून आली हे सांगणारा गेला, की शब्द उरेल आणि त्यातले शिक्षण जाईल.