आशिया (लघुग्रह)

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील, ६७ क्रमांकाचा लघुग्रह. १७ एप्रिल १८६१ रोजी नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन (१८२९–९१) यांनी मद्रास वेधशाळेतून त्याचा शोध लावला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह असल्याने त्यास खंडाचेच नाव देण्यात आले. पॉग्सन त्याच वर्षी इंग्‍लंडहून मद्रासला आले होते. ताऱ्यांच्या प्रती ठरविण्याचे आजही रूढ असलेले माप त्यांनीच १८५६ मध्ये सुचविले.

लघुग्रह दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखा बिंदुरूपच दिसतो. त्यामुळे आकाशाचा एखादा लहानसा भाग नकाशाशी ताडून पाहावयाचा आणि नकाशात नसलेला बिंदू पुढील रात्री सरकला आहे काय हे तपासावयाचे, एवढाच मार्ग त्या काळी उपलब्ध होता. बिंदू सापडला तरी काम संपत नसे. पुरेसे वेध घेऊन कक्षा काढली नाही, तर सूर्यप्रकाशात लोपलेला पिंड पुन्हा कोठे शोधावा हे कळत नाही. पहिला लघुग्रह सेरीझ १८०१ मध्ये असाच हरवला होता. तो गौस यांच्या गणितामुळे वर्षअखेरीस पुन्हा हाती लागला.

आशियाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे ३६ कोटी किमी. आहे, परंतु कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने ते सु. २९·५ ते ४३ कोटी किमी. यांदरम्यान बदलते. कक्षेचा क्रांतिवृत्ताशी कोन सु. ६° आहे. एका प्रदक्षिणेस ३·७७ वर्षे, म्हणजे मंगळाच्या जवळजवळ दुप्पट काळ लागतो. खंडाचे नाव धारण करणाऱ्या या खडकाळ पिंडाचा व्यास मात्र अवघा सु. ६० किमी. आहे, जळगाव–धुळे हे अंतरही त्याहून अधिक भरते.

मद्रासहून पॉग्सन यांनी पुढे सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) व व्हेरा (१८८५) हे लघुग्रह शोधले. यांपैकी सिल्व्हियाला दोन उपग्रह असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. पॉग्सन जून १८९१ मध्ये मद्रास येथे निधन पावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माक्स व्होल्फ यांनी हायडल्बर्ग येथे छायाचित्रणाने लघुग्रह शोधला आणि डोळा व नकाशा यांवर विसंबणारी पद्धत मागे पडली. व्हेरानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९८८ रोजी, तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत आर्. राजमोहन यांनी ४१३० क्रमांकाचा लघुग्रह शोधला. त्यास गणितज्ञ रामानुजन यांचे नाव देण्यात आले.