फाइलींचा प्रकारानुसार शोध

घरगुती संगणकात साठविलेल्या फाइलींमधून विशिष्ट जातीच्या फाइली, उदा., केवळ छायाचित्रे, केवळ पत्रे किंवा केवळ हिशेबाचे तक्ते, वेगळ्या काढून दाखविण्याच्या क्रियेस प्रकारानुसार शोध म्हणतात. फाइलीचे नाव आठवत नाही, ती कोठे ठेवली हेही आठवत नाही, पण ती कोणत्या जातीची आहे एवढे ठाऊक आहे, अशा प्रसंगी हा शोध उपयोगी पडतो. मजकुरातील एखाद्या शब्दावरून फाइल हुडकणे हा याहून सरळ मार्ग होय. तथापि जेथे मजकूर शोधणाऱ्याला किंवा यंत्राला वाचता येत नाही, तेथे प्रकार हाच एक आधार उरतो. मराठी कागदपत्रांच्या बाबतीत, विशेषतः हैदराबाद संस्थानातून महाराष्ट्रात आलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यांच्या बाबतीत, ही स्थिती अपवादाची नसून दीर्घकाळ नित्याची होती. आणि कागदाच्या दप्तरातून संगणकात आल्यावरही ती लगेच पालटली नाही.

दप्तरातील पूर्वपीठिका : परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. या स्थित्यंतरांचे ठसे त्याच्या दप्तरावर उमटले. संस्थानच्या वरिष्ठ कचेऱ्यांत आधी फार्सी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू चाले. गावचा पटवारी मात्र मराठी मोडीत लिही. कालगणना फसली सनाची असे. त्यात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणपणे निघतो. पुढे बाळबोध देवनागरी आली. एकाच शेताचा तीन पिढ्यांचा इतिहास पाहू जाणाऱ्यास त्यामुळे तीन लिप्या व दोन सन ओलांडावे लागतात.

अशा दप्तरात व्यक्तीच्या नावावरून कागद सापडत नाही, कारण नावांची सूचीच केलेली नसते. अभिलेखपाल विचारतो ते गाव, साल आणि कागदाचा प्रकार. सेतवार हवा असेल तर सर्व्हे क्रमांकवार क्षेत्र व आकारणी मिळेल. पाहणी पत्रक हवे असेल तर त्या वर्षीचे पीक व वहिवाट कळेल. १९५४-५५ चे खासरा पत्रक तर जमिनीच्या तंट्यांत आजही पुढे केले जाते. ज्याला उर्दू अथवा मोडी येत नाही असा कारकूनही रकान्यांच्या ठेवणीवरून वहीचा प्रकार ओळखू शकतो. मजकूर न वाचता जात ओळखणे, हेच संगणकाच्या प्रकारानुसार शोधाचे तत्त्व होय.

महाराष्ट्रातील गावनमुन्यांनी या तत्त्वाला क्रमांक दिले. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला ‘सातबारा’ हा शब्द वस्तुतः दोन प्रकार-क्रमांकांची बेरीज आहे. लोकांनी प्रकाराचेच नाव वस्तूला देऊन टाकले. सरकारी कार्यालयांतील सहा गठ्ठे पद्धतही याच कुळातील. तिच्यात प्रकरणे विषयाप्रमाणे नव्हे, तर प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची व नष्ट करावयाची अशा अवस्थाभेदाने बांधली जातात.

नावाचा प्रत्यय : संगणकातील फाइलीचा प्रकार सामान्यतः तिच्या नावाच्या शेवटच्या तुकड्यावरून ओळखला जातो. टिंबानंतर येणाऱ्या या तुकड्याला इंग्रजीत एक्स्टेंशन म्हणतात. येथे त्यासाठी प्रत्यय हा शब्द वापरला आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेल्या कालविभागणी प्रणालीत प्रत्येक फाइलीला सहा-सहा अक्षरांची दोन नावे असत आणि दुसरे नाव प्रकार सांगे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या यंत्रांवर सहा अक्षरे नावाला व तीन प्रत्ययाला अशी वाटणी झाली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सीपी/एम या कार्यप्रणालीने नावाची अक्षरे आठ केली, प्रत्यय तीन अक्षरांचाच ठेवला. १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉस प्रणालीने तीच मर्यादा उचलली आणि घरोघरच्या संगणकांत ती रूढ झाली.

डॉसमध्ये ‘डीआयआर’ ही आज्ञा देऊन पुढे तारा, टिंब व प्रत्यय टंकित केला की त्या प्रकारच्या सर्व फाइलींची यादी पडद्यावर येई. ताऱ्याचा अर्थ ‘नाव काहीही असो’. मात्र ही यादी एका वेळी एकाच कप्प्यापुरती असे. आतील सर्व कप्पे एकाच आज्ञेने धुंडाळण्याची सोय १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंत लांब नावे देण्याची मुभा दिली, शोधाची स्वतंत्र चौकट पुरविली आणि तीत प्रकार निवडण्याचा रकाना ठेवला. २००१ च्या विंडोज एक्सपीत तर शोधाच्या चौकटीत एक कुत्रा बसविला होता. त्याच्याशेजारी चित्रे व संगीत, दस्तऐवज असे पर्याय असत. हा कुत्रा अनेकांना आवडला व तितक्याच जणांना त्रासदायक वाटला.

प्रत्यय हा नावाचा भाग असल्याने तो कोणीही बदलू शकतो. म्हणून त्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे असते. युनिक्स प्रणालीत १९७३ पासून ‘फाइल’ नावाची आज्ञा आहे. ती नावाकडे फारसे न पाहता फाइलीतील प्रारंभीची चिन्हे तपासून प्रकार सांगते. उदा., झिप फाइलीच्या आरंभी पीके ही अक्षरे असतात. ती त्या पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. १९८४ च्या मॅकिंटॉशने प्रकाराची चार अक्षरे नावाबाहेर, फाइलीच्या नोंदीतच ठेवली होती. शास्त्रदृष्ट्या ही पद्धत अधिक चांगली होती, पण फाइल दुसऱ्या यंत्रावर जाताच ती नोंद गळून पडे. विंडोजने नेमके उलट केले : ओळखीचे प्रत्यय आपण होऊन लपविले. त्याची किंमत मे २००० मध्ये मोजावी लागली. ‘आय लव्ह यू’ या विषाणूची फाइल साध्या मजकुराची भासे, कारण तिच्या नावात टीएक्सटी हा खोटा प्रत्यय दिसे आणि त्यापुढील व्हीबीएस हा खरा प्रत्यय पडद्यावर येतच नसे. लक्षावधी लोकांनी ती पत्र समजून उघडली.

मराठी मजकुराची अडचण : इंग्रजी वापरणाऱ्यास १९९० च्या दशकातही फाइलीतील शब्दावरून शोध घेता येई. मराठी वापरणाऱ्यास तो बहुधा घेता येत नसे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र पुढे आणले व १९९१ मध्ये भारतीय मानक संकेतावलीही निघाली. परंतु छापखाने, वृत्तपत्रे आणि घरे यांत प्रसार झाला तो वेगवेगळ्या फाँटांचा. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांपैकी प्रत्येकाची अक्षरयोजना निराळी होती. पडद्यावर देवनागरी दिसे, पण फाइलीत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक साठत. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘काम’ हा शब्द यंत्राच्या दृष्टीने डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. दुसऱ्या फाँटात तोच शब्द वेगळीच अक्षरे होऊन बसतो. शोधाच्या चौकटीत ‘काम’ लिहून काहीही हाती लागणे शक्य नव्हते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत परिचयाचा झाला, तेव्हाही हीच परिस्थिती होती.

अशा वेळी मराठी माणूस पुन्हा अभिलेखपालाच्याच रीतीने शोध घेऊ लागला. जुनी लग्नपत्रिका किंवा स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळविली होती ना, मग पी-६५ किंवा पीएमडी प्रत्ययाच्या फाइली काढा, तारखेप्रमाणे लावा आणि एकेक उघडून पाहा. उघडल्यावर फाँट संगणकात नसेल तर तेही व्यर्थ. मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. मोडी न येणाऱ्या वारसदाराने पणजोबांची वही उघडावी, तसाच हा अनुभव होता. फरक एवढाच की ही फाइल त्याने स्वतःच दहा वर्षांपूर्वी लिहिलेली असे.

युनिकोड संकेतावलीत देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. विंडोज २००० पासून ती घरगुती व कचेरीतील संगणकांत वापरता येऊ लागली. एप्रिल २००५ मध्ये मॅकवर स्पॉटलाइट व जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा यांनी सर्व फाइलींची आगाऊ सूची करून ठेवण्याची पद्धत रूढ केली. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी शब्द त्यामुळे क्षणार्धात सापडू लागला, आणि ‘काइंड’ किंवा ‘टाइप’ या शब्दापुढे अपूर्णविराम देऊन प्रकाराची अटही घालता येऊ लागली. जुन्या फाँटांतील फाइली मात्र या सूचीच्या बाहेरच राहिल्या. फाँट ओळखून अक्षरे पालटणाऱ्या परिवर्तकांनी त्यांचे रूपांतर करता येते, पण त्यासाठी आधी त्या फाइली प्रकारावरून गोळा कराव्या लागतात.

प्रतिमांचे युग : कुणबी नोंदींच्या शोधासाठी ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा मराठवाड्यातील दप्तरांचे गठ्ठे मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले. महसुली पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे असे अभिलेखांचे प्रकार ठरवून, प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे, मोडी व उर्दू जाणणाऱ्यांच्या साहाय्याने वाचावा लागला. ज्याच्या हाती असा एक कागद येतो, त्याच्या मुलाचा जातीचा दाखला, प्रवेश व नोकरी यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून शोधाच्या पद्धतीला येथे केवळ तांत्रिक महत्त्व नाही. सापडलेल्या पानांच्या प्रतिमा संगणकात आल्या, पण त्यांतील शब्द आले नाहीत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत, स्थान मिळाले असले, तरी पटवाऱ्याचे हस्ताक्षर यंत्राकडून खात्रीने वाचून घेणे ही वेगळी व अद्याप कठीण गोष्ट आहे.

प्रतिमांमुळे प्रकारानुसार शोधही दुबळा झाला आहे. पीडीएफ हा प्रत्यय १९९३ पासून प्रचारात आहे. परंतु टंकलिखित मजकुराची पीडीएफ आणि कागदाचे नुसते छायाचित्र असलेली पीडीएफ यांचा प्रत्यय एकच असतो. पहिलीत शब्द शोधता येतो, दुसरीत येत नाही, आणि नावावरून हा भेद कळत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला सातबारा, पीककर्जाची पावती आणि पुतणीच्या लग्नातील छायाचित्र ही तिन्ही जेपीजी याच प्रकारात मोडतात. तहसील कचेरीत सेतवार व पाहणी पत्रक कधी एका रुमालात बांधत नसत. घरच्या संगणकात मात्र ती एकाच कप्प्यात, यंत्राने दिलेल्या क्रमांकांच्या नावांनी पडलेली असतात. यावर घरगुती वापरापुरता उपाय जुनाच आहे. प्रतिमा साठविताना नावात गाव, साल आणि कागदाचा प्रकार लिहावा, उदा., ‘जिंतूर-१३५८फ-पाहणी’, म्हणजे नावाच्या शोधानेही ती सापडते. फसली सन लिहिल्यास पुढे फ अवश्य लिहावा; अन्यथा १३५८ म्हणजे १९४८-४९ हे नातवाच्या ध्यानात येणार नाही.